उशीच्या उंचीवरून

साताऱ्यातील आमच्या घराच्या उत्तरेला 20 फूट लांब आणि 15 फूट रुंद अशी परसाची जागा आहे. घर बांधून अकरा वर्षे लोटली होती, तरी तिच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. बांधकामातून उरलेला राडारोडा कुंपणाच्या भिंतीशी तसाच पडून होता. त्यावर दरवर्षी गाजरगवत उगवे आणि वाळून जाई. 2013 च्या मार्चमध्ये आईला पक्षाघात झाला. उजवे अंग लुळे पडले, वाचा जड झाली. एप्रिलमध्ये तिला रुग्णालयातून घरी आणले आणि न्हाणीघराला लागून असलेल्या मागच्या खोलीत तिचा पलंग मांडला. त्या खोलीला एकच खिडकी आहे आणि ती परसात उघडते. आईची मान ज्या बाजूला विनासायास वळत असे, त्याच बाजूला ती खिडकी होती. चार दिवसांनी माझ्या ध्यानात आले की शहात्तर वर्षांची माझी आई सकाळपासून संध्याकाळपर्यंत विटांच्या ढिगाकडे पाहत पडलेली आहे.

बाग करायची हे त्या दिवशी ठरले. मी तेव्हा एका सरकारी कार्यालयात लिपिक होतो. औषधे, दिवसा आईजवळ थांबणाऱ्या मावशींचा पगार आणि मुलाचे शिक्षण यांतून जे उरेल त्यात तीन हजारांच्या आसपास खर्च करणे शक्य होते. प्रत्यक्षात 3,200 रुपये लागले. राडारोडा हलवणाऱ्या दोघा मजुरांना 700, एक ब्रास पोयट्याच्या मातीला 1,400, शेणखताला 500, बांबू, सुतळी आणि चुना यांना 300 आणि दोन कलमी गुलाबांना 300. यांतील शेवटची रक्कम वाया गेली. परंतु बागेविषयी मला जे काही कळले, त्याचा आरंभ त्या वाया गेलेल्या रकमेपासून झाला, म्हणून तिचा उल्लेख पुढे सविस्तर येईल.

एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. ती माती 300 चौरस फुटांवर पसरली असती, तर जेमतेम चार इंचांचा थर झाला असता, आणि चार इंचांच्या थरावर गवताखेरीज काही तग धरत नाही. तीच माती 80 चौरस फुटांच्या वाफ्यांत घातली तर सव्वा फूट खोली मिळते. तेवढ्यात तगर, जास्वंद, मोगरा यांसारखी झुडपे सुखाने वाढतात. हे गणित साधे आहे, तरी ते मन मानत नाही. आपल्याला सगळी जागा हिरवी झालेली हवी असते. अल्प साधनांत काही उभे करायचे असेल, तर बहुतांश जागा सोडून द्यावी लागते आणि जेवढी राखली तेवढ्यावर सर्व बळ लावावे लागते. कार्यालयातील तीस वर्षांच्या नोकरीत मी अनेक योजनांच्या धारिका हाताळल्या. निधी सर्वत्र पातळ पसरल्यामुळे कोठेच मूळ न धरलेली कामे त्यांत पुष्कळ होती. मातीचा हिशेब करताना मला त्या धारिका आठवल्या.

राडारोडा बाहेर नेऊन टाकायचा, तर ट्रॅक्टरच्या भाड्यातच सगळे पैसे संपले असते. तेव्हा तो तेथेच वापरला. अखंड विटा वाफ्यांच्या कडेला तिरप्या रोवल्या, शहाबादी फरशीच्या तुकड्यांची पायवाट केली, बारीक चुरा पायवाटेखाली दाबला. चंदीगडमध्ये नेक चंद या रस्ते निरीक्षकाने शहराच्या उभारणीतून निघालेल्या टाकाऊ वस्तूंपासून वर्षानुवर्षे, कोणाला न सांगता, एक विश्व उभे केले. 1976 मध्ये ते रॉक गार्डन म्हणून लोकांसाठी खुले झाले. त्यांच्या प्रतिभेशी माझ्या पायवाटेचा काही संबंध नाही. परंतु जे टाकायचे आहे त्याकडे एकदा नीट पाहावे, ही दृष्टी अशा माणसांमुळे आपल्याला लाभते. एक चूक मात्र माझ्याकडून घडली. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून जास्वंदीच्या खड्ड्यात तळाशी गिलाव्याचे तुकडे घातले. दोन महिन्यांत तिची कोवळी पाने पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. सिमेंट आणि चुना यांमुळे माती अल्कधर्मी होते, आणि अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. खड्डा उकरून तुकडे काढले, शेणखत आणि पालापाचोळा भरला, तेव्हा पुढच्या बहराला पाने सावरली.

मातीचा प्रश्न पहिल्या ब्रासने सुटला नाही, कारण माती दरवर्षी खचते आणि थकते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. प्रयोग परिवाराच्या द्वारे त्यांनी पालापाचोळ्यापासून सकस माती घरच्या घरी घडवण्याचा विचार महाराष्ट्रात रुजवला. त्यांचे लेखन वाचून मी माती विकत घेणे थांबवले. रस्त्यावरच्या झाडांची पाने गोणीत भरून आणायची, शेणकाल्यात भिजवायची, स्वयंपाकघरातील साले आणि देठ त्यांत मिसळायचे आणि थरांमध्ये मूठ-मूठ माती टाकायची. चार-पाच महिन्यांत काळी, भुसभुशीत, पावसाच्या वासाची माती हाती येते. वाळलेली पाने झुडपांच्या बुडाशी पसरली की उन्हाळ्यात रोज लागणारे पाणी तिसऱ्या दिवशी दिले तरी भागते. साताऱ्यात चैत्र-वैशाखात पाण्याची जी अवस्था असते ती जाणणाऱ्यांना याचे मोल सांगायला नको.

आता त्या गुलाबांविषयी. खिडकीच्या अगदी खाली 10 फूट लांब आणि 2 फूट रुंद असा एक वाफा मी केला होता आणि त्यात ते दोन गुलाब लावले होते. उरलेली माती समोरच्या भिंतीलगतच्या वाफ्यात गेली. जे सर्वांत सुंदर ते आईच्या सर्वांत जवळ असावे, एवढाच विचार त्यामागे होता. जुलैमध्ये दोन्ही गुलाबांना फुले आली. मी रोज संध्याकाळी कार्यालयातून आलो की थेट परसात जात असे आणि अंधार पडेपर्यंत खुरपे हातात असे. आईसाठी आपण काही करीत आहोत या भावनेत एक समाधान होते, आणि त्या समाधानाची मी कधी चौकशी केली नव्हती. एका संध्याकाळी खिडकीतून तिचा आवाज आला. तिला शब्द जुळवायला फार वेळ लागे. ती म्हणाली, “अरे, इथे बस.”

मी हात धुऊन तिच्यापाशी बसलो. तिने डाव्या हाताने माझी मान खाली ओढली आणि माझे डोके तिच्या उशीवर आले. त्या उंचीवरून मी प्रथमच माझी बाग पाहिली. गुलाब दिसत नव्हते. खिडकीपासून नऊ-दहा फुटांपर्यंतची जमीनच दिसत नव्हती. खिडकीच्या कठड्याने ती पूर्ण झाकली होती. पायवाटेच्या कडेने लावलेली सदाफुली दिसत नव्हती. समोरच्या वाफ्यातील तगरीचे झुडूप मधल्या गजामागे लपले होते. दिसत होती ती चुना लावलेली भिंत, तिच्या पायथ्याशी थोडा हिरवा रंग आणि वर आकाश. तीन महिने मी उभा राहून, माझ्या डोळ्यांच्या उंचीवरून, निजलेल्या माणसासाठी बाग करीत होतो.

त्या रात्री मला आणखी एक गोष्ट मान्य करावी लागली. माती खणणे हे तिच्याजवळ बसण्याहून सोपे होते. तिचे अर्धे शब्द समजून घेणे, तिच्या ओठांच्या कडेची लाळ टिपणे, ती रडली तर नुसते थांबणे, यांतून सुटण्याची एक सन्मान्य वाट मला परसात सापडली होती. सेवेच्या नावाने आपण कित्येकदा स्वतःला सोसवेल असेच काम निवडतो. ज्याची सेवा करायची त्याला काय हवे आहे, हे विचारण्याचे धैर्य त्या कामात लागत नाही. बाग व्यर्थ होती असे मला म्हणायचे नाही. ती ज्याच्यासाठी होती त्याच्या जागी जाऊन मी एकदाही पाहिले नव्हते, एवढेच मी येथे नोंदवतो.

दुसऱ्या दिवसापासून आराखडा उशीच्या उंचीवरून झाला. खिडकीखालचा वाफा मोडला आणि त्याची माती घमेल्याने समोर नेली. भिंतीलगत 20 फूट लांब आणि 4 फूट रुंद असा एकच वाफा झाला. गुलाब शेजारच्या वहिनींना दिले, त्यांच्या अंगणात ते चांगले फुलले. मी पलंगाजवळ बसायचो आणि मावशी बाहेर बांबू हातात धरून उभ्या राहायच्या. आई डाव्या हाताच्या बोटाने डावीकडे, उजवीकडे असे दाखवी, आणि जेथे तिचे बोट थांबे तेथे मावशी खूण करीत. जी जमीन तिला दिसत नव्हती, तिच्यावर एक रुपयाही खर्चायचा नाही असे ठरले. अर्ध्याहून अधिक परस त्यामुळे मोकळा राहिला आणि त्या मोकळेपणानेच समोरच्या वाफ्याला उठाव आला. भिंतीला चुन्याचा दुसरा हात दिला. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पानांची कड स्पष्ट दिसते आणि दुपारी त्यांच्या सावल्या भिंतीवर हलतात.

प्रकाशाचा अंदाज यायला मात्र पूर्ण वर्ष लागले. सातारा ज्या अक्षांशावर आहे, तेथे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून त्या काळात उत्तरेच्या परसातही सर्वत्र ऊन होते. मार्गशीर्षात घराची सावली जवळजवळ साडेदहा फूट पसरली. भिंतीलगतचा वाफा तेवढा उन्हात राहिला. मोडलेला वाफा ठेवला असता, तर गुलाब थंडीभर सावलीत कुढले असते. नवी बाग करणाऱ्याने पहिल्या वर्षी मोठे झाड लावण्याची घाई करू नये, हे मी माझ्या अनुभवावरून सांगेन; विटेच्या तुकड्यांनी दर महिन्याला सावलीची कड आखून ठेवावी.

पैसे नसलेल्या माणसाला बागेची किंमत काळाने मोजावी लागते. रोपवाटिकेतील चार फुटी रोप आपण विकत घेतो, तेव्हा दुसऱ्या कोणी केलेली दोन-तीन वर्षांची प्रतीक्षा आपण विकत घेत असतो. ते पैसे माझ्यापाशी नव्हते आणि आईपाशी काळ किती आहे, हे कोणालाच सांगता येत नव्हते. म्हणून लागवड तीन गतींनी केली. मृगात पेरलेला तेरडा श्रावणात फुलतो. झेंडू दसऱ्याला येतो. गुलबक्षी पहिल्याच पावसाळ्यात बहरते. तगर, जास्वंद आणि मोगरा यांना भरायला दोन वर्षे लागतात. प्राजक्त आणि चाफा त्यांच्या मागून येतात. एका ऋतूची, काही वर्षांची आणि पुढच्या पिढीची अशी झाडे एकाच वाफ्यात शेजारी वाढत होती.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा दिवस आकारहीन असतो. सकाळ आणि दुपार यांत भेद उरत नाही. औषधाच्या वेळा हेच काय ते टप्पे. बागेने आईच्या दिवसाला पुन्हा प्रहर दिले. गोकर्णीची निळी फुले सकाळी उमललेली असत आणि उन्हे चढली की मिटू लागत. गुलबक्षी दुपार कलल्यावर उमलते. तिची पहिली फुले उघडली की आई चहाचा कप दाखवून खूण करी, आणि घड्याळात पाहिले तर बहुधा पाच वाजायला आलेले असत. तिसऱ्या पावसाळ्यात प्राजक्त फुलला. त्याची फुले रात्री उमलून पहाटे गळत. ती तिला दिसत नसत, पण मावशी ती वेचून बशीत तिच्या उशाशी ठेवीत. ऋतूंचेही तसेच झाले. श्रावण आला, हे तिला दिनदर्शिकेने सांगावे लागले नाही.

तेरड्याची बोंडे पिकली की स्पर्शाने फुटतात आणि बी उडवतात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी ती वाटीत आणून आईच्या उजव्या हातापाशी ठेवायला सांगितली. त्या हाताची बोटे फार थोडी हलत. पहिल्या वर्षी ती डाव्या हातानेच बोंडे फोडी. 2014 च्या भाद्रपदात उजव्या हाताच्या अंगठ्याने एक बोंड फुटले आणि बी चादरीवर उडाले. वैद्यकीय दृष्टीने ही प्रगती किती, हे मी जाणत नाही. मावशींनी ते बी वेचून कागदाच्या पुडीत ठेवले, आणि पुढच्या मृगात भिंतीलगतच्या वाफ्यात पेरले.

रोपे कोठून आली हे सांगितले पाहिजे, कारण गुलाब वगळता एकही रोप विकत घेतलेले नाही. तगरीच्या फांद्या वहिनींच्या. गोकर्णीचे बी कार्यालयातील एका शिपाईदादांचे. मोगरा आतेबहिणीने वाईहून आणला. पांढऱ्या चाफ्याची हातभर फांदी एका मंदिराच्या पुजाऱ्यांनी छाटणीच्या वेळी दिली. तिचा चीक वाळेपर्यंत ती आठवडाभर सावलीत ठेवावी, नाहीतर बूड कुजते, हेही त्यांनीच सांगितले. ज्यांना आपण पिढ्यान्‌पिढ्या आपली झाडे मानतो त्यांतील कित्येक अशीच हातोहात आली आहेत. झेंडू मेक्सिकोचा, गुलबक्षी आणि चाफा हेही उष्ण अमेरिकेतून आलेले. कोणीतरी एक बी, एक फांदी जपून समुद्रापार आणली आणि ती दुसऱ्या कोणाला दिली.

या दातृत्वाने बागेच्या रूपालाही वळण दिले. दहा-वीस निरनिराळी रोपे एकेक करून विकत आणली की प्रत्येक रोप स्वतःकडे लक्ष वेधते आणि बागेचे प्रदर्शन होते. माझ्याजवळ तगरीचे एकच झुडूप होते. आषाढात त्याच्या फांद्या लावून पुढच्या वर्षी सात झाली. एकच आकार, एकच पांढरे फूल भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुन्हा पुन्हा येत राहिले, आणि अधूनमधून जास्वंदीचा लाल रंग. जाणकार ज्याला रचनेतील एकसंधता म्हणतात, ती माझ्याकडे वैविध्य विकत घेण्याची ऐपत नसल्यामुळे आली. गरिबीचे उदात्तीकरण मला करायचे नाही. औषधांच्या दुकानात उभे असताना तिच्यात उदात्त काही नसते. बागेपुरते मात्र माझे मत स्पष्ट आहे. पाच जातींची पंचवीस झाडे ही पंचवीस जातींच्या पंचवीस झाडांहून डोळ्यांना अधिक विसावा देतात.

2014 मध्ये आईने बकूळ मागितली. तिच्या माहेरी अंगणात बकूळ होती. बियांपासून वाढवलेली बकूळ फुलायला कित्येक वर्षे घेते, हे तिला माझ्याहून चांगले ठाऊक होते. मी सोनचाफ्याचे कलम सुचवले; ते लवकर फुलते. तिने मान हलवली आणि पुन्हा तोच शब्द उच्चारला. लहान परसात बकूळ लावू नये, असे कोणीही सांगेल आणि सांगणाऱ्याचे बरोबर असेल; मोठेपणी तिचा विस्तार फार होतो. तरी वाफ्याच्या पूर्व टोकाला ती लावली. आईला तिच्या फुलांची अपेक्षा नव्हती असे मी म्हणणार नाही. अपेक्षा नसती तर तिने दर आठ दिवसांनी नव्या पानांची चौकशी केली नसती. स्वतःच्या आयुष्याच्या मापाबाहेरची अपेक्षाही माणूस शांतपणे बाळगू शकतो, हे मी तिच्याकडे पाहून शिकलो. आपण ज्याला कर्तव्य म्हणतो, त्यातील बराच भाग असा आपल्या मापाबाहेरचा असतो. त्याचे फळ दिसत नाही म्हणून त्याचे पाणी तोडता येत नाही.

आई 2016 च्या फेब्रुवारीत गेली. तिने तीन पावसाळे पाहिले. मी निवृत्त झालो. मागच्या खोलीत आता माझे टेबल आहे. खुर्चीवर बसून पाहिले की बागेची मांडणी जरा उंच, जरा मागे सरकलेली वाटते आणि पुढचा मोकळा भाग उगाच मोठा दिसतो. तो भरावा असे घरी येणारे सुचवतात. मी तो भरलेला नाही. बकूळ पुरुषभर उंचीच्या पुढे गेली आहे, पाने दाट आणि तुकतुकीत आहेत, फूल अजून आलेले नाही. चाफ्याची छाटणी ज्येष्ठात होते. चीक वाळलेल्या फांद्या मी फाटकापाशी टोपलीत ठेवतो आणि लोक त्या घेऊन जातात.

आपल्या घरी कोणी दीर्घकाळ अंथरुणावर असेल आणि त्यांच्यासाठी खिडकीबाहेर चार झाडे लावण्याचे आपल्या मनात असेल, तर एक विनंती आहे. काही विकत आणण्यापूर्वी त्यांच्या शेजारी बसावे, त्यांच्या उशीवर आपले डोके टेकवावे आणि तेथून किती जमीन दिसते ते पाहून घ्यावे.